खिशातली चिठ्ठी

साबणाच्या कारखान्यातले फिटरकाका माणसांशी जेवढ्यास तेवढं बोलत. काही बिघडलं की यंत्रासमोर खोकं उलटं टाकून डोळे मिटून बसायचे. "काका समाधीत गेले," म्हणून बायका हसायच्या. अर्ध्या तासाने काका उठायचे आणि नेमका हवा तोच स्क्रू पिळायचे.

पण साबणाला कागद गुंडाळायचं यंत्र काही केल्या ताळ्यावर येईना. रोज दुपारी कागद चिकटून फाटायचा. आठवड्यात सुधारलं नाही तर यंत्र विकायचं आणि त्यावरच्या आठ बायकांना घरी पाठवायचं, असं मालकांनी ठरवलं. त्या आठांत काकांच्या वहिनी होत्या. थोरला भाऊ अंथरुणाला खिळलेला, घर वहिनींच्या पगारावर.

काकांना यंत्रासमोर आपलं खोकं हवं होतं. नव्या साहेबांनी मात्र सगळ्यांना टेबलाभोवती बसवून कोऱ्या चिठ्ठ्या वाटल्या. "कागद का फाटतो, ते आधी एकेकट्याने लिहा, मग वाचू." पद्धत खरंच चांगली होती. पण मोठ्यांच्या आधी तोंड उघडायचं नाही, ही तिथली जुनी खोड.

लिहून झालं, पण वाचायच्या वेळी "काकांनाच आधी बोलू द्या," सगळे म्हणाले. सगळ्यांचे डोळे आपल्यावर रोखलेले बघून काका गांगरले. सुचलं ते बोलून गेले, "पट्टा झिजलाय."

"अगदी माझ्या मनातलं!" एकजण म्हणाला. मग काय, प्रत्येकाच्याच मनात पट्टा निघाला! वहिनींनी आपल्या चिठ्ठीची घडी करून डगल्याच्या खिशात सरकवली.

पट्टा यायला पाच दिवस गेले. नवा बसवला, तरी दुपारी कागद फाटलाच.

शनिवारी अर्ध्या दिवसानंतर बायका कामाचे डगले परत करू लागल्या. वहिनींनी खिसे झटकले तेव्हा चिठ्ठी खाली पडली. काकांनी उचलून वाचली. 'तीन वाजता खिडकीतून ऊन येतं. साबण मऊ पडतो.'

काका वहिनींकडे वळले. "वहिनी, बोलला का नाहीत?"

"तुम्ही बोलला होतात ना, भाऊजी. तुमच्यावर मी काय बोलणार?" त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

काका साहेबांकडे धावले. साहेबांनी चिठ्ठी वाचून परत दिली. "यंत्राचा सौदा झालाय, काका. सोमवारी गाडी येतेय."

त्या दुपारी काकांनी खिडकीला पुठ्ठा लावला आणि यंत्र सुरू केलं. तीन वाजले, साडेतीन वाजले. एकही कागद फाटला नाही. गुंडाळलेले साबण एकामागून एक बाहेर येत होते आणि उचलायला कुणी नाही म्हणून जमिनीवर पडत होते.