वहीतला बाप

आबा मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी धुळ्याहून आमच्याकडे सुरतेजवळ उधन्याला आले, तेव्हा त्यांच्या कापडी पिशवीत धोतरांखाली माझ्या तीन जुन्या वह्या होत्या. आई जाऊन वर्ष झालं होतं. तिची पेटी आवरताना त्यांना त्या सापडल्या. आईला वाचता येत नव्हतं, तरी तिने त्या जपल्या होत्या.

ती माझी कादंबरी होती, विसाव्या वर्षी लिहिलेली. तिच्यातल्या मुलीचा कॉलेजचा फॉर्म तिचा बाप फाडून टाकतो. आबांनी माझा फाडला होता. पुढे मी डी.एड. करून सुरतेत मराठी शाळेत लागले, लग्न झालं, आणि वह्या मी पार विसरून गेले.

ऑपरेशन नीट झालं. एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्याने आधीच दिसत नव्हतं. माझी शाळा सकाळची. दुपारी शेजारच्या कारखान्यातले माग खडखडत असायचे. आबा खाटेवर बसून म्हणाले, "काय लिहिलंयस ते वाच की. वेळ जात नाही माझा." घरात आम्ही अहिराणीच बोलायचो. इथे सगळ्यांना कळेल असं लिहिते आहे.

"जाऊ द्या आबा, पोरपणातलं आहे ते."

"तुझ्या आईने उगाच जपलंय का?"

मी वाचायला लागले. पहिली दहा पानं नुसता चंद्र होता. कुणी साधं पाणी प्यायलं तरी त्याचे ओठ थरथरत होते. मला लाज वाटत होती, पण आबा मन लावून ऐकत होते.

मग बाप आला. ‘त्या राक्षसाच्या काळजात दगड होता,’ असं वाक्य होतं. मी ते गाळलं. पुढचंही गाळलं. मुलगी रडते तिथे तो हसतो, तेही गाळलं. खरे आबा त्या दिवशी हसले नव्हते. फॉर्म फाडून ते मागच्या दारी जाऊन बसले होते, जेवायलाही आले नव्हते. मला ते दिसलं होतं, तरी विसाव्या वर्षी मी ते लिहिलं नव्हतं.

"गाळू नकोस," आबा म्हणाले. "तुझा आवाज अडखळतो. कळतं मला."

मग मी सगळं वाचलं. राक्षस, दगड, हसणं, सगळं. मागांच्या आवाजावर आवाज चढवून वाचावं लागत होतं, त्यामुळे ते आणखीच वाईट वाटत होतं. थांबताही येईना. पट्टीआड त्यांच्या डोळ्यात काय होतं, ते कळायला मार्ग नव्हता.

तिसरी वही संपली.

"हा माणूस सबंध गोष्टीत एकदाही बोलत नाही," ते म्हणाले.

खरंच होतं. तीन वह्यांत त्या बापाच्या तोंडी एक वाक्य नव्हतं. मी पेन्सिल घेतली. "आबा, तुम्ही तेव्हा काय म्हणाला होतात? मी आत्ता घालते."

"माले याद नही."

"आठवा ना थोडं."

"काही म्हणालोच नसेन."

मग मीच त्यांच्या वतीने लिहून पाहिलं. ‘पोरी, फी भरायला माझ्याकडे नव्हतं.’ वाचून दाखवलं. त्यांनी मान हलवली. "हे मी बोललो नसतो." दुसरं लिहिलं, ‘लोक काय म्हणतील याची भीती वाटली.’ तेही नको म्हणाले. तिसरं मला सुचेना. मुलांचे निबंध रोज सुधारणारी बाई मी, आणि माझ्याच बापाला एक वाक्य देता येईना.

"फाडून टाकू का आबा ही वही?"

"फाडू नको," ते घाईने म्हणाले. मग म्हणाले, "राहू दे. तुला जसा दिसलो तसा लिहिलास."

पट्टी निघाली, चष्मा आला. ते पेपर वाचायला लागले, अगदी जाहिरातींसकट. वह्या कपाटात समोरच होत्या, त्यांना त्यांनी हातही लावला नाही. महिन्याभराने मी त्यांना धुळ्याच्या एसटीत बसवलं. खिडकीतून म्हणाले, "घरी जा, ऊन लागेल." गाडी सुटेपर्यंत मी तिथेच उभी राहिले. काहीतरी म्हणायचं होतं मला, पण ते काय, तेच कळत नव्हतं.