माहेरच्या नावाचं पेन

जुनं पेन हातात आलं की काका ते बघायच्या आधी हुंगत. अंगठ्याने खसाखसा घासायचं, नाकाशी न्यायचं, डोळे मिटायचे. "एबोनाइट! जळक्या रबराचा वास आला की समजायचं, जुना माल. प्लॅस्टिकला कुठला आलाय वास?"

बुधवारी गंगेवर, म्हणजे आमच्या गावातल्या नदीकाठी, बाजार भरतो, तिथे भंगारातून पेनं निवडणारे असे एखादे काका तुम्हीही पाहिले असतील. एकदा मी बरोबर होते. गोणपाटावर माल मांडून बसलेली बाई वैतागून म्हणाली, "ओ बाबा, पेन हाय ते, भजी नाय! घ्यायचं तर घ्या." काकांनी पुन्हा हुंगलं आणि घेतलं.

आम्ही एकाच बिल्डिंगमध्ये, समोरासमोर राहायचो. काका ओझरला विमानाच्या कारखान्यात होते, सगळी नोकरी पॉलिशिंगला. दिसली वस्तू की चमकव, हा रोगच जडलेला. आमच्या दाराची कडी एकदा न विचारताच घासून गेले. मी चिडले, पण कडी दिसत होती झकास.

एबोनाइटचं एक आहे, वर्षं गेली की काळं पेन तपकिरी पडतं. काकूंचं तसंच पडलं होतं. काकू शाळेत शिक्षिका. नोकरी लागली तेव्हा वडिलांनी ते पेन घेऊन दिलं आणि दुकानातच त्यावर नाव कोरून घेतलं, 'कु. द्वारका'. पुढे लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीने नवं नाव लिहिलं गेलं, स्मिता. मग रेशनकार्डापासून शाळेपर्यंत सगळीकडे स्मिताच. द्वारका उरली ती त्या पेनावर.

काकूंच्या वाढदिवसाला काकांनी ते पेन गुपचूप नेलं, बफिंगच्या चाकावर धरलं आणि काळं कुळकुळीत करून आणलं. केक कापायला मीही होते. काकूंनी चष्मा लावून पेन फिरवून फिरवून बघितलं.

"नाव कुठंय हो?"

काकांचा चेहरा खाडकन उतरला. "चाकावर गेलं असेल... पुसटच होतं गं ते."

"मला दिसत होतं," काकू म्हणाल्या आणि बशा आणायला आत गेल्या.

तेव्हापासून काका नाव कोरलेलीच पेनं घ्यायला लागले. जमवणारे इतर लोक अशा पेनांना नाक मुरडतात, परक्याच्या नावाने किंमत उतरते म्हणे. काका मात्र त्या अनोळखी नावांवरचा मळ ओल्या फडक्याने अलगद टिपत बसायचे. "पॉलिश नाही करायचं हं," मलाच बजावायचे. जसं काही मीच चाक घेऊन बसले होते!

काकूंचं नाव परत कोरून आणतो म्हणाले, तर काकू म्हणाल्या, "नको. ते बाबांनी घातलेलं होतं. तुम्हाला एवढं वाटतंय ना, मग त्या नावाने हाक मारा की एकदा."

काका लाजून लालबुंद. "या वयात? लोक काय म्हणतील?" उभ्या जन्मात 'अगं ए'च्या पुढे न गेलेला माणूस! आज मारू, उद्या मारू करत राहिले. काकू वाट बघायच्या, मला कळायचं. आणि एका दुपारी त्या झोपेतच गेल्या. काकांचा इतका राग आला होता मला, आणि त्यांच्याकडे बघवतही नव्हतं.

काका आता पुण्याला मुलीकडे असतात. समोरच्या दाराला कुलूप आहे.

जायच्या आधी एकदा शालिमारला दिसले, शेअर रिक्षांच्या रांगेपाशी. तिथून रिक्षा द्वारका चौकात जातात. काकांचं तिकडे काही काम नव्हतं. रिक्षावाला गळा फाडून ओरडत होता, "द्वारका, द्वारका! चला, द्वारका!" काकांना बघून म्हणाला, "बाबा, बसायचं का?" त्यांनी मानेनेच नको म्हटलं.

मी जवळ गेले. रिक्षावाल्याने हाळी दिली की त्याच्या मागोमाग काका हळूच म्हणत होते, "द्वारका."

मला बघून थांबले नाहीत. "जमतंय गं," म्हणाले. "एवढं काही अवघड नव्हतं."