हां जी म्हणणारा जबडा

परभणीच्या दाताच्या डॉक्टरीणबाईनं माझा काळा फोटो उजेडापुढं धरला आन् विचारलं, "काका, गाल कधीपासून सुजलाय?"

मी म्हणलो, "सहा महिने झाले असतील. पण दुखत न्हाई."

"दुखलं असतं तर बरं झालं असतं. लवकर आला असता," बाई म्हणल्या.

त्या फोटोला ओपीजी म्हणतात. मशीन आपल्या तोंडाभोवती एक चक्कर मारतं आन् सगळा जबडा एका लांबट फोटोत येतो. माझ्या उजव्या दाढांखाली हाडाच्या जागी काळं भोक होतं, लिंबाएवढं. बाईनं पेनानं त्याची कड दाखवली. "हे हाड नाही, पोकळी आहे. आत गाठ आहे. खाली हाडाची कड कागदाएवढी पातळ राहिलीय. आजपासून भाकरी बंद. कडक चावलं तर जबडा मोडेल."

मी हसलो. मला कुठं बी हसायची खोड हाय. बाई हसल्या न्हाईत. माझ्यासंग आलेला थोरला भाऊ, मारोतीदादा, तो बी हसला न्हाई. तवा माझं हसू आपोआप आत गेलं.

आमी झरीकडचे गोंधळी. लग्न झालं की घरोघर देवीचा गोंधळ घालतो. दादा संबळ वाजवतो आन् कथा लावतो. मी तुणतुणं धरून मागं उभा. दादा एक वाक्य बोलतो, मी "हां जी" म्हणतो. तो राजा म्हणला की मी विचारायचं, "राजाला बायको किती?" मग माणसं हसतात. शाळा मी बाहेरूनच बघितली, पण हां जी म्हणायला शाळा लागत न्हाई.

गाल सुजला तवा पहिल्यांदा लोकांनी विचारलं, तंबाखू कोंबली का? मी म्हणलो, हो, वर्षाची कोंबली. लोक हसले. पुढच्या गोंधळात मी तोच गाल पुढं करून म्हणलो, मालकानं आहेराचा लाडू दिला, तो अजून गिळवंना. लोक अजून हसले. असं त्या सुजेवर मी सहा महिने हसू मिळवलं. बायको, सुमन, रोज म्हणायची, "दवाखान्यात चला." मी म्हणायचो, "अगं, ह्याच्यावर चाललंय आपलं."

मधी एक दाढ हलायला लागली. ती मी घरीच पकडीनं उपटली आन् सगळ्यांना दाखवत फिरलो. त्या भोकातून खारट पाणी यायचं. ते बी थुंकून दाखवलं. माझ्यासारखं येडं तालुक्यात न्हाई.

परभणीहून मोठ्या शहरातल्या दातांच्या कॉलेजात पाठवलं. तिथं बायोप्सी केली. म्हणजे गाठीचा बारीक तुकडा काढून तपासतात. पंधरा दिवस वाट बघितली. त्या पंधरा दिवसांत मी काय काय समजलो ते सांगत न्हाई. रिपोर्टात केराटोसिस्ट आलं. मॅडम, म्हणजे तिथल्या मोठ्या डॉक्टर, म्हणल्या, "कॅन्सर नाही. पण ही गाठ हट्टी असते, हाड खाते आणि काढली तरी परत येऊ शकते."

दादानं विचारलं, "इलाज काय?"

"दोन आहेत. एक, तेवढा जबडा कापून त्या जागी धातूची पट्टी बसवणं. त्यात बोलणं थोडं बिघडेल. दुसरा, गाठीत नळी ठेवायची, रोज धुवायची. गाठ हळूहळू आकसते आणि भोवती हाड भरतं. मग उरलेली काढायची. पण वेळ लागतो. वर्षभर धरा."

दादा माझ्याकडं बघायला लागला. त्याला बी मालूम होतं, बोलणं बिघडलं तर माझ्याजवळ नुसतं तुणतुणं उरतंय. मी म्हणलो, "नळीच ठेवा. मला वेळ लय हाय."

मग सीबीसीटी. ह्यात जबडा सगळ्या बाजूंनी दिसतो, हाड किती उरलं ते मोजता येतं. हनुवटी एका कट्ट्यावर ठेवायची, डोक्याला पट्टा, आन् बिलकुल हलायचं न्हाई. काचेमागं एक ताई बसल्या होत्या. त्यांचा आवाज भोंग्यातून आला, "काका, आता हलू नका." मी म्हणलो, "हां जी." मशीन फिरायला लागलं. "छान, असंच राहा." मी म्हणलो, "हां जी."

ताई बाहेर आल्या. "काका, फोटोत तुमचे दोन जबडे आलेत."

"एक सांभाळंना, दुसरा कुठं ठेवू?"

"पुन्हा काढावा लागेल. उगाच दोनदा किरणं. आता बोलायचं नाही, समजलं?"

"हां जी," मी म्हणलो आन् दुसऱ्यांदा पट्टा बांधून घेतला. दादा दारात उभा होता. तो म्हणला, "ताई, तुमी भोंग्यात काहीच सांगू नका. कुणी वाक्य संपवलं की ह्याचं तोंड उघडतंय. चाळीस वर्षांची सवय हाय. तुमी गप राहा, हा आपोआप गप राहील." ताई गप बसल्या. फोटो चांगला आला.

मॅडमनी एक कागद वाचून दाखवला. अशा रोगात हाड किती भरतं ते फोटोवरून बघायचा त्यांचा अभ्यास चालू होता. माझे फोटो घ्यायचे का, असं विचारलं. मी प्रत्येक वाक्याला हां जी म्हणत गेलो. मॅडमनी कागद खाली ठेवला. "नुसतं हां जी नको काका. काय समजलं ते तुम्ही मला सांगा."

मी म्हणलो, "जबडा माझा, नाव लावणार न्हाई. नको वाटलं तर मी कवा बी न्हाई म्हणू शकतो, तरी इलाज थांबणार न्हाई."

"बरोबर."

मी अंगठा दिला. घराण्यातून अभ्यासाला बसलेला पहिला माझा जबडाच.

पुढचं वर्ष सांगण्यासारखं न्हाई, नुसतं थकवणारं हाय. दिवसातून तीनदा सुमन पिचकारीत मिठाचं पाणी भरायची आन् नळीतून जबडा धुवायची. घाण वास यायचा. ती तोंड फिरवत नव्हती, मीच फिरवायचो. भाकरी दुधात कुस्करून, वरण-भात, परत वरण-भात. मोठ्यानं बोलायचं न्हाई, तोंड मोठं उघडायचं न्हाई. तीन-तीन महिन्यांनी पहाटेची गाडी, कॉलेजची रांग, लाकडी बाकडं, फोटो. काळं भोक जरा बारीक झालेलं असायचं. जरासंच. बाकड्यावर बसलेली माणसं बी गाल धरून बसलेली. कुणालाच विनोद नको होता, आन् खरं सांगतो, मला बी सुचत नव्हता.

गोंधळाला जायचो, तुणतुणं वाजवायचो, गप राहायचो. दादा सुरुवातीला वाक्य संपलं की थांबायचा. माझ्याकडं बघायचा, मग आठवायचं, पुढं जायचा. हळूहळू तो थांबायचा बंद झाला. एका दमात कथा लावायला लागला. ते मला गाठीपेक्षा जास्त टोचलं.

वर्षानं उरलेली गाठ काढली. हाड भरलं तसे दोन इम्प्लांट बसवले. इम्प्लांट म्हणजे हाडात घट्ट बसवलेला स्क्रू. हाडानं तो धरून ठेवायला चार महिने वाट बघायची, मग वर दात. त्याचा खर्च बी त्या अभ्यासातूनच झाला. शेवटच्या फोटोला ताईंनी भोंग्यात सांगितलं, "काका, हलू नका." मी गप. बाहेर आल्या आन् म्हणल्या, "शिकलात की."

मॅडम म्हणल्या, "गाठ परत आली का ते दरवर्षी बघायचं. पण आता बोला, खा."

तुमच्यापैकी कुणाचा गाल सुजला आन् दुखत नसला, तर त्याच्यावर हसू नका. दात घरी उपटू नका. एक ओपीजी काढा. आन् घरचं माणूस दवाखान्यात चला म्हणलं, तर तेवढ्याला हां जी म्हणा. माझं तेवढं एकच हां जी म्हणायचं राहिलं होतं.

घरी आलो त्या दुपारी दादा ओसरीवर संबळ ताणत बसला होता. मी तुणतुणं घेऊन मागं बसलो. त्यानं कथा लावली, सवयीनं एका दमात. मला कुठं शिरावं ते कळंना. चार वाक्यं गेली, पाच गेली. सुमन आतून भाकरी थापत ऐकत होती, तिचा थापायचा आवाज थांबला.

दादानं हात संबळावर ठेवला. मागं वळला न्हाई. म्हणला, "एक आटपाट नगर होतं."

आन् थांबला.