दिन्याची चोरी पकडायला गेलो आणि...

रविवारी सुट्टी होती, हैदराबादच्या खोलीवरच होतो. म्हटलं, आज दिन्याची चोरी पकडायचीच.

दिन्या म्हणजे आमच्या कुणकेश्वरचा शेजारी, बापाच्या होडीवर जातो. आम्ही दोघं आपला कॉम्प्युटर रिकामा असला की इंटरनेटवरून शास्त्रज्ञांची गणितं सोडवायला देतो. फुकट काम आहे, फक्त पॉइंट मिळतात आणि यादीत नाव वर चढतं.

मी नववी नापास, इथे गोडाऊनमध्ये माल चढवतो. एका तरी यादीत दिन्याच्या वर नाव यावं एवढीच इच्छा होती... तो घरी राहिला, समुद्र त्याचा, होडी त्याची, निदान हे तरी माझं असू दे.

लॅपटॉप माझा चांगला. वर विंडोज आणि त्याच्या पोटात व्हर्च्युअल मशीन करून लिनक्स, कारण काही गणितं लिनक्सवरच चालतात. व्हिडिओ बघून बघून सगळं स्वतः जमवलं. तरी दिन्या रोज दुप्पट पुढे, नक्की काहीतरी लबाडी करत असणार! जळून खाक झालो होतो.

व्हिडिओ कॉल लावला आणि सरळ म्हटलं, मशीन दाखव.

"दाखवतंय रे. पण आधी सांग, तुझ्या त्या पोटातल्या मशीनीक कोर किती दिलंस?"

"चारच्या चार! प्रोसेसरचा सगळा जोर तिलाच."

तो खो खो हसला. "अरे शाण्या, मग विंडोज काय उपाशी बसतलो? एकाच चुलीर दोन संसार मांडलंस तू. माझो लिनक्स एकटोच रवता, आख्खी चूल तेची."

एवढं साधं मला दोन महिने कळलं नव्हतं. मग त्याने कॅमेरा फिरवला...

निळी भिंत. खिडकीत आईचं तुळशीचं रोप. आणि माझा जुना कॉम्प्युटर, जो मी भंगार म्हणून टाकून आलो होतो! दिन्याने दुरुस्त करून आमच्याच घरात चालू ठेवला होता. म्हणजे इतके दिवस मी माझ्याच डब्याकडून हरत होतो. वर साहेब माझ्या खुर्चीत बसून आईच्या हातचा बांगडा खात होते.

आता बोलणारच होतो, की बंद कर आणि ऊठ तिथून. तेवढ्यात आई मध्ये आली.

"बंद करूक सांगू नको हां तेका. ह्याचो पंखो घुरघुरलो काय माका वाटता, तू भितर बसलंस."

दिन्याला म्हटलं, राहू दे चालू.

त्या दिवशीच विंडोज काढून सरळ लिनक्स टाकलं. हळूहळू दिन्याच्या जवळ येतोय, पण आता पहिला नंबर त्या डब्याचाच राहिला तरी चालेल.

दिन्या, तो पंखा चालू ठेवलास, उपकार आहेत तुझे. पण त्या खुर्चीत बसून बांगडा खाऊ नको रे... तेवढं अजून बघवत नाही.