परदेशी दुधाचा डबा

मंडळी, सायबर कॅफेतून घाईत लिहितेय.

परदेशी दूध पावडरीत भेसळ निघाल्याच्या बातम्या टीव्हीवर चालूच आहेत. आज अंबाजोगाईत बहिणीच्या बाळासाठी पावडर आणायला गेलते. ओळखीच्या दुकानदार अप्पांनी परदेशी डबा पुढं केला. त्यावरची लिपीच ओळखू येईना.

"अप्पा, हा कुठल्या देशाचा?"

"लातूरचा व्यापारी पाठवतो. त्याला मुंबईहून येतो. पुढचं मला म्हाईत न्हाई. पण माल लई चांगला हाय."

"तुमच्या नातवाला हाच देता?"

"न्हाई, त्याला घरच्या गाईचं," अप्पा खाली बघत म्हणाले.

मी डबा परत ठेवला. माझ्या मागं उभ्या बाईनं तोच मागितला.

मी म्हणाले, "ताई, नका घेऊ."

"कावून? खराब हाय का?"

मला छातीठोकपणे सांगता येईना. ती डबा घेऊन गेली.

तुम्ही तिला काय सांगितलं असतं?