खालच्या मजल्यावरची बाई

लग्नानंतर तीन आठवड्यांनी आम्ही नागपूरहून बेंगळुरूला आलो. नवऱ्याला इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या एका कारखान्यात नोकरी लागली होती. घर पहिल्या मजल्यावर. खाली घरमालकीण एकटीच राहायची. आमच्याशी मोडक्यातोडक्या हिंदीत बोलायची, बाकी सगळ्यांशी कन्नडमध्ये.

पहिला संशय आला तो सांबारावरून. जेवताना मी नवऱ्याला म्हटलं होतं, इथलं सांबार फारच गोड असतं बाई. दोन दिवसांनी ती डबा घेऊन वर आली. "इसमें गुड़ नहीं डाला." मग नळाबद्दल कुरकुरले, तर दुसऱ्या दिवशी न बोलावता प्लंबर हजर. आणि एका सकाळी जिन्यात तिने थेट विचारलं, "घर छोड़ने वाले हो क्या?"

ते आम्ही आदल्याच दिवशी बोललो होतो. फक्त दोघंच.

नवऱ्याने तिने बसवून दिलेला वायफायचा डबा उलटापालटा करून पाहिला. मला मात्र नवऱ्याचाच संशय. कामावरून येताना तो खाली तिच्याशी दोन शब्द बोलायचा. माझी गाऱ्हाणी हाच तिला सांगतो, अशी माझी खात्री झाली. मी त्याला काही सांगेनाशी झाले. तोही बदलला. मी आईशी फोनवर बोलू लागले, की दारात येऊन उभा राहायचा.

एका दुपारी कपडे वाळत घालायला मागे उतरले. तिच्या खिडकीतून आवाज आला. फोनवर सांगत होती, "नाही गं अक्का, वरची पोर नवऱ्याशी बोलतच नाही. स्वल्प जाऊन विचारू का?"

हेल वेगळा, पण मराठीच.

मी खिडकीशी गेले. "तुम्हाला मराठी येतं?"

"आमच्या घरातली भाषाच ती. कितीतरी पिढ्या इथेच आहोत आम्ही."

"मग कधी बोलला का नाहीत?"

"घर बघायला आलीस तेव्हा जिन्यात काय म्हणालीस? बाई खडूस दिसते. त्यावर मी काय बोलायचं? आणि तुमचं स्वयंपाकघर माझ्या डोक्यावर. सगळं ऐकू येतं."

तिथेच माफी मागायला हवी होती. मी ओली चादर तशीच घेऊन वर पळाले.

संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे तू नव्हतीस सांगत तिला?"

"मी? मला वाटलं, तू."

त्याला हसू आलं. मला नाही आलं. इतक्या लवकर आम्ही एकमेकांवर पाळत ठेवायला लागलो होतो.

दुसऱ्या दिवशी दोघं खाली गेलो. माफी मी मागितली. "सरी, सरी," असू दे म्हणावं तसं म्हणत तिने कॉफी ठेवली. मग विचारलं, "आता खरं सांगा, जाणार आहात?"

नवरा माझ्याकडे बघू लागला. मी काय म्हणेन, हे त्यालाही ठाऊक नव्हतं.

"नाही," मी म्हणाले.