दोन भाऊ, दोन लिफाफे

त्या वर्षांत बोंडअळी काही केल्या हटत नव्हती. कपाशी डोक्यावर गेलेली. तिच्यात शिरून पाठीवरच्या पंपानं फवारायचं, म्हणजे निम्मं औषध बोंडांवर आणि निम्मं स्वतःच्या तोंडावर. दुपार झाली की यवतमाळात आमच्या दवाखान्यासमोर जीपा लागायच्या. तोंडाला फेस, छातीत घरघर, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. मी तेव्हा अपघात विभागात डॉक्टर होते आणि तिथल्या एका औषधाच्या चाचणीचं कामही माझ्याकडं होतं.

विषबाधेचा नेहमीचा इलाज सगळ्यांना मिळायचाच. निम्म्यांना त्याच्या जोडीला आणखी एक इंजेक्शन. ते कोणाला, हे आम्ही ठरवायचं नाही. क्रमानं लावलेल्यांतला पुढचा बंद लिफाफा फोडायचा, आत निघेल ते करायचं. ऐकायला सोपं आहे हो! पण ज्याचा माणूस तडफडतोय त्याला सांगून बघा, ‘याचा फायदा होईल की तोटा, आम्हाला ठाऊक नाही.’ लोक उखडायचे. मी जन्माची तापट, मग मीही उखडायचे.

एका दुपारी घाटंजीकडच्या तांड्यावरची एक बाई दोन जवान पोरांना घेऊन आली. दोघं सख्खे भाऊ, एकाच वावरात फवारताना पडलेले. सिस्टरनं त्यांचे ओले कपडे कापून काढले, अंग साबणानं धुतलं, मी इलाज सुरू केला. धाकटा ‘याडी, याडी’ करत होता. बंजारा लोक आईला याडी म्हणतात. मग याडीला बाजूला घेऊन मी चाचणीचं सांगितलं. नाही म्हणालात तरी इलाजात कसर राहणार नाही, हेही सांगितलं.

‘काहून बाई? तू डाक्टर ना? तुले नाही माहीत तं कोनाले माहीत?’

‘कोणालाच नाही, मावशी. म्हणून तर हे चाललंय.’

‘तुहा पोरगा असता तं?’

‘तरी लिफाफाच फोडला असता.’

तिनं दोन्ही खाटांकडे पाहिलं. ‘मंग हे माहीत करून कोनाचं भलं होईन?’

‘पुढं जे येतील त्यांचं. यांचं होईलच असं नाही.’

‘येतीनच लोक. फवारनी कुठी थांबली हाय?’ असं म्हणून तिनं कोपरापर्यंतच्या पांढऱ्या बांगड्या मागं सारल्या आणि दोघांसाठी अंगठा दिला.

मी हबकलेच. स्वतःची दोन्ही पोरं मरणाच्या दारात, आणि ही बाई अजून न आलेल्या जीपांचा विचार करत होती! असलं काळीज मी त्याआधी पाहिलं नव्हतं. थोरल्याच्या लिफाफ्यात जोडीचं इंजेक्शन निघालं, धाकट्याच्या लिफाफ्यात नुसता नेहमीचा इलाज.

नेहमीच्या इलाजातलं औषध चढलं की माणूस भ्रमात जातो. दोघं भाऊ डोळे सताड उघडे ठेवून हवेतून काहीतरी खुडत होते आणि कमरेशी नसलेल्या ओटीत टाकत होते. ‘कापूस येचून राह्यले,’ याडी हळूच म्हणाली.  मी कितीतरी रुग्णांचे असे हात पाहिले होते, पण ते काय करतात हे कधी कळलं नव्हतं.

थोरल्याचे हात आधी थांबले. तो गेला. धाकटा वाचला. याडीनं ना छाती पिटली, ना डोळ्यांतून टिपूस काढलं.

मग ती बाजाराच्या दिवशी यायला लागली. ओच्यातल्या उकडलेल्या शेंगा माझ्या टेबलावर ओतायची आणि शाळेतल्या पोराचा विचारावा तसं विचारायची, ‘लागला काय निकाल?’

‘नाही लागला! चाचणी पुरी होईपर्यंत मलाही बघता येत नाही, किती वेळा सांगू?’

‘भल्ली चिडतं वं तू,’ म्हणून हसायची. पुढल्या बाजाराला पुन्हा हजर.

अखेर निकाल लागला. जोडीच्या इंजेक्शनानं काहीच फरक पडत नव्हता. सगळी मेहनत पाण्यात गेली म्हणून आम्ही तोंडं पाडून बसलो होतो. याडी आली तेव्हा मी तुटकपणे सांगून टाकलं, ‘काही नाही मावशी. त्या सुईनं कोणी वाचलं नाही, कोणी गेलंही नाही.’

ती उभीच राहिली. ‘म्हंजे माहा पोरगा त्या सुईनं नाही गेला?’

‘नाही.’

‘म्या हो म्हनलं, म्हनून नाही गेला?’

‘नाही हो याडी! नाही!’

ती मटकन खाली बसली आणि हंबरडा फोडून रडली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. मी तिच्याजवळ जमिनीवर बसले, माझेही डोळे वाहत होते. जो निकाल पाहून आम्ही कपाळाला हात लावला होता, त्याची ती बाजारामागून बाजार वाट पाहत होती.

रडून झाल्यावर तिनं पदरानं तोंड पुसलं. बाहेर जीप थांबल्याचा आवाज आला, तशी दाराकडे बघत म्हणाली, ‘ऊठ बाई. दुसरं कोनतं औषध पाहून राह्यले आता?’